खुर्ची परक्याची, गुडघे आमचे

गोव्याचा धर्मप्रांत झाला 1534 साली. पहिला गोमंतकीय आर्चबिशप, राऊल गोन्साल्विस, मिळाला 1978 साली. मधल्या 444 वर्षांत सासष्टी-बार्देशनं ढिगानं पाद्री घडवले, सिलोन-आफ्रिकेपर्यंत पाठवले. पण से कॅथेड्रलच्या त्या उंच आसनावर बसायची लायकी म्हणे एकातही नव्हती. लायकी! हा शब्द ऐकला की माझं टाळकं सटकतं.

दिवाडीचा मातेउश द कास्त्रो घ्या. गोव्यात दीक्षा मिळेना, म्हणून पठ्ठ्या थेट रोमला गेला. 1630 मध्ये पाद्री, 1637 मध्ये चक्क बिशप झाला, आणि मग परतला. पण पोर्तुगीज धर्माधिकारी त्याचा अधिकार मानायला तयार नव्हते. पोपचा शिक्कासुद्धा यांना पुरेना! अखेर त्यानं डिचोलीत बस्तान मांडलं, म्हणजे आदिलशाहीत. कॅथलिक बिशपाला मुसलमान सुलतानाच्या मुलखात आसरा घ्यावा लागला, यावर आणखी काय बोलायचं? पुढे 1787 मध्ये वरच्या जागा नाकारल्या म्हणून चिडलेल्या पाद्र्यांनी पिंटोंचा कट रचला. फुटला. 15 जणांना देहान्त, पाद्री बेड्या घालून लिस्बनला.

हे फक्त काळ्या-गोऱ्याचं दुखणं असतं तर वेल्स सुटलं असतं. तिथंही शंभराहून अधिक वर्षं मायबोली वेल्श असलेला बिशप नेमला गेला नव्हता. 1870 मध्ये सेंट असाफला जोशुआ ह्यूज आले, तेव्हा कुठं बिशपाची आणि त्याच्या माणसांची मायबोली एक झाली.

जुनी मढी कशाला उकरता, असं कुणी म्हणेल. मग दुबईतल्या रास अल खोरला या. इथं गॅरेजं, गोदामं, जुन्या गाड्यांचा बाजार. माझ्याबरोबर गिअरबॉक्स उचलणारा म्हापशाचा गडी रविवारी नखांतलं ग्रीस डिझेलनं खरवडतो, इस्त्रीचा सदरा चढवतो आणि ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चला जातो. त्या चर्चला जागा दिली दुबईच्या शेख राशिदनी. 1967 साली ते उभं राहिलं. बाकांवर पाहा: गोंयकार, मंगळुरी, मल्याळी, फिलिपिनो. आणि वर? सुमारे पन्नास वर्षांत इथले बिशप, म्हणजे विकर अपोस्तोलिक, तीन: ग्रेमोली इटालियन, हिंडर स्विस, 2022 पासून मार्टिनेली, पुन्हा इटालियन.

यावर तयार उत्तर असतं: हा प्रांत कापुचिन संन्याशांकडे सोपवलेला आहे. बरं, मग भारतात कापुचिन नाहीत? केरळपासून महाराष्ट्रापर्यंत त्यांचे मठ आहेत. मिस्सा करायला, कबुलीजबाब ऐकायला भारतीय कापुचिन चालतात. माथ्यावर बिशपाची टोपी ठेवायची वेळ आली, की नकाशा एकदम आल्प्सकडे सरकतो.

(आम्ही हिंदूंनी फिदीफिदी हसू नये. गोव्यातल्या देवळांची महाजनकी कुळं बघूनच मिळते, आणि पंढरपूरच्या बडव्यांचा हक्क सुटायला 2014 उजाडलं.)

म्हापशाच्या गड्याला मी हे सगळं तावातावानं ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा, बिशप खंयचोय आसूं, म्हाका मीस कोंकणींत जाय." त्याची मागणी इतकीच आहे, हे वरच्यांना चांगलं ठाऊक आहे.