मत्स्यबीजाचे पहिले तीन दिवस

बाजारातून आणलेला बैल कोणताही जाणता शेतकरी त्याच दिवशी डवऱ्यास जुंपीत नाही. त्यास दावणीला बांधून, पाणी दाखवून, एक-दोन दिवस उसंत देतो. तोच मनुष्य रात्रभर टेम्पोत हिंदकळत आलेले मत्स्यबीज मात्र पिशवी फोडून क्षणार्धात तळ्यात ओततो व निश्चिंत मनाने घरी जातो. ही विसंगती आमच्या भातकुली भागात आता दृष्टीआड करण्याजोगी राहिलेली नाही.

आपला तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. येथील विहिरींचे पाणी पिकास बहुधा मानवत नाही. म्हणून पावसाचे पाणी साठविणारे शेततळे हाच आपला मुख्य आधार. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, आणि त्या पाण्यात कटला, रोहू व मृगल वाढविण्याचा विचारही ओघानेच आला. विचार उत्तम आहे. तथापि बीज सोडल्यावर सहा महिन्यांनी जाळे ओढावे आणि हाती मूठभर मासे लागावेत, असा अनुभव आला की दोष बियाण्याला, नाही तर नशिबाला दिला जातो. आमच्या मते पुष्कळदा नुकसान पहिल्या दोन-तीन दिवसांतच होऊन गेलेले असते. इवलेसे मेलेले पिलू तळाशी जाते किंवा बगळ्याच्या मुखी पडते. मालकास त्याचा पत्ताही लागत नाही.

हे असे का घडते ते पाहू. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याहून खारट असते. त्यामुळे कल्ल्यांवाटे शरीरातील क्षार सतत बाहेर झिरपतात व पाणी आत शिरते. निरोगी मासा ही तूट भरून काढीत असतो. जाळ्यात धरणे, मोजणे, पिशवीत कोंबणे, हादरे, या सर्वांनी तो भेदरला म्हणजे श्वासोच्छ्वास वाढतो आणि क्षारांची गळती बळावते. वरून अंगावरचा बुळबुळीत थर खरचटून रोगजंतूंना वाट मिळते. भीतीने रक्तात उसळलेले द्रव्य बहुधा काही तासांत ओसरते. पण क्षारांची तूट भरून येण्यास एक-दोन दिवस, कधी अधिकही, लागतात. पिशवीतून चपळपणे निघालेले पिलू वाचलेच असे समजू नये, ते याचसाठी. वाहतुकीच्या पाण्यात लिटरमागे दोन-तीन ग्रॅम साधे मीठ घातल्यास ही गळती कमी होते. बीज निघण्यापूर्वी एक दिवस उपाशी ठेवले होते काय, हेही विक्रेत्यास अवश्य विचारावे. भरल्या पोटी निघालेले बीज वाटेत आपलेच पाणी नासविते.

पूर्वी हे बीज मुख्यतः नद्यांतून धरीत. बंगाल्यात ते मातीच्या हंड्यांतून नेताना वाहणारा माणूस हंडी एकसारखी हालवी व वाटेत पाणी पालटी. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रजनन साधले. पुढे बीज केंद्रांत तयार होऊ लागले व प्राणवायू भरलेल्या पिशव्या आल्या. सोय झाली खरी, परंतु हंडीबरोबरचा तो राखणदारही गेला.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बंद पिशवीत पिलांच्या उत्सर्गाचा अमोनिया साचतो. सोबत साचलेल्या कर्बवायूमुळे पाणी किंचित आम्ल राहते व त्या विषाचा जोर दबलेला असतो. पिशवी उघडताच कर्बवायू उडून जातो. त्यात आपल्या मातीतील क्षारांनी अल्कधर्मी झालेले तळ्याचे पाणी मिसळले, की तोच अमोनिया अधिक जहरी होतो. म्हणून बंद पिशवी प्रथम वीस-तीस मिनिटे सावलीत तळ्यावर तरंगू द्यावी, म्हणजे उष्णमान सारखे होईल. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडथोडे मिसळीत पाव तासात पिले आपण होऊन बाहेर पडू द्यावीत. उघडी पिशवी ताटकळत ठेवू नये. भल्या पहाटे बीज सोडण्याचा सल्लाही सरसकट मानू नये. हिरव्यागार तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो त्याच वेळी. ऊन तापण्यापूर्वीची सकाळ किंवा कलती दुपार बरी.

आता व्यवहाराची गोष्ट. बीज पोचताच मोजणी होते व पैसे चुकते होतात. ही रीत आम्हास सदोष वाटते. घेणाऱ्याने बीज येण्यापूर्वी एक दिवस तळ्यात हापा, म्हणजे बारीक जाळीचा पिंजरा, लावून त्यात तेथलेच दहा-वीस लहान मासे ठेवावेत. ते जगले तर पाणी योग्य. मग आलेल्या बीजापैकी शंभर दुसऱ्या हाप्यात ठेवून तीन दिवसांनी मोजावीत. पहिल्या हाप्यातील मासे तरतरीत आणि दुसऱ्यातील निम्मी पिले मेलेली असली, तर दोष बहुतकरून बीजाचा, वाहतुकीचा वा सोडण्याच्या घाईचा, आणि विक्रेत्याशी बोलण्यास आधार मिळाला. निदान काही रक्कम या तीन दिवसांच्या मोजणीवर राखून ठेवण्याचा करार आधीच व्हावा. प्रामाणिक विक्रेत्यास यात भिण्याचे कारण नाही.

बीजाची किंमत थोडी असते, परंतु वाया जातो तो तळ्यातील पाण्याचा एक अख्खा हंगाम, आणि उन्हाळ्यात आटलेले पाणी कोणी भरून देत नाही. हापे काही महाग नाहीत. आपल्या मंडळाने दोन-तीन हापे घेऊन सभासदांस पाळीपाळीने द्यावेत, व ही गोष्ट पावसाळ्यापूर्वीच्या सभेतच ठरवावी, कारण बीज आषाढ-श्रावणात येऊ लागते.