वाडा पाडायचाच आहे का?

परवा भावकीची बैठक झाली. विषय एकच, गावठाणातला आमचा जुना वाडा. सहा हिस्सेदार, त्यातल्या पाच जणांचं म्हणणं, पाडून टाकू, खोल्या काढू, कंपनीतली पोरं राहतील. महिन्याच्या महिन्याला भाडं. त्यात चूक काही नाही. १९९७ ला आपलं गाव महापालिकेत गेलं, तेव्हापासून चिखलीतल्या कितीतरी चुली याच भाड्यावर पेटतात.

तरी मी हो म्हटलं नाही.

इंग्लंडमधल्या जुन्या गावांत दगडी घरं सुट्टीसाठी भाड्याने देतात. हॉटेल नाही. किल्ली घ्यायची, बाजार आणायचा, आपलं आपण रांधून खायचं. लँडमार्क ट्रस्ट नावाची संस्था १९६५ पासून हेच करते. पडायला आलेली वास्तू घ्यायची, देणग्या जमवून दुरुस्त करायची आणि मुक्कामाच्या भाड्यातून देखभाल चालवायची. अशा दोनशेच्या आसपास वास्तू त्यांच्याकडे आहेत. टीव्ही मुद्दाम ठेवत नाहीत, तरी लोक येतात.

हे सांगितलं तर तात्या म्हणाले, "गोऱ्यांचे लाड आहेत हे." मी म्हटलं, तात्या, बीजेला देहूला जाणारे वारकरी आपल्या ओसरीवर उतरायचे तेव्हा काय होतं? शिधा त्यांचा, चूल आपली. तात्या गप्प बसले. पटलं म्हणून नाही, चहा आला म्हणून.

देहू एका बाजूला, आळंदी दुसऱ्या बाजूला. तुकोबांचे टाळ इथे पडले म्हणून आपण टाळगाव म्हणवतो, संतपीठही इथेच झालं. पण बाहेरगावचं कुटुंब आलं तर गावात एक रात्र राहायची सोय कुठे?

वाड्याचा खरा शत्रू पाऊस नाही, हिस्से आहेत. गळतं एकाच्या हिश्श्यात, कौलं दुसऱ्याच्या. खर्च कोणी करायचा? मग पाडणारा येतो आणि आधी सागाच्या तुळया मोजतो.

उलट बाजूही आहे. कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्हज नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे बाहेरच्यांनी सुट्टीची घरं इतकी घेतली की गावातल्या पोरांना घर परवडेना. शेवटी २०१६ ला लोकांनी मतदान करून ठरवलं, नवं घर बांधलं तर त्यात कायम राहणारंच माणूस हवं. म्हणून सगळं गावठाण पाहुण्यांना द्या असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच. मागची पडकी बाजू पाडा, तिथे खोल्या काढा. पुढचा सोपा, माजघर आणि दोन खोल्या राहू द्या. एक शेगडी, भांडी, पाण्याची सोय. भाडं सहा ठिकाणी वाटायचं, त्याआधी दुरुस्तीचा वाटा बाजूला काढायचा. आणि आमच्यातलं एक घर तिथेच राहील.

रविवारी पुन्हा बैठक आहे. चुना-मातीचं जुनं काम जाणणारा गवंडी कुणाच्या ओळखीत असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. खर्चाचा आकडा हातात असल्याशिवाय तात्या ऐकणार नाहीत.