रुळांची शाकारणी

पावसाळ्यापूर्वीं घर शाकारण्याची चाल कोंकणपट्टींत जुनी आहे. कौलें उतरावयाचीं, फुटकीं निवडून बाजूस काढावयाचीं, वाशांस वाळवी लागली काय तें पाहावयाचें आणि मग एकेक ओळ पुन्हां बसवावयाची. आणि हें सर्व माणसें घरांत राहत असतांनाच करावयाचें. बदलापुरास आमच्या लहानपणीं हा उद्योग दर वैशाखांत चाले. आतां आमच्या घरावर कौलें राहिलीं नाहींत. परंतु गेले कांहीं दिवस सायंकाळीं फिरावयास जातांना आम्ही एक निराळीच शाकारणी पाहत आहों. ती घराची नव्हे, आगगाडीच्या रुळांची.

कुंपणापलीकडे प्रथम नवे रूळ येऊन पडले. मग सिमेंटचे स्लीपर आले. त्यांच्यामागून खडीच्या राशी आल्या. पंधरवडा लोटला तरी जुन्या मार्गास कोणीं हात लावला नाहीं. आमच्याबरोबर फिरावयास येणारे एक स्नेही म्हणाले, "सामान टाकलें आणि विसरले!" आम्हांसही तसेंच वाटलें. पण हळूहळू ध्यानांत आलें कीं, ही विस्मृति नसून पूर्वतयारी आहे. गाड्या थांबवून आणि वरील तारांतील वीज बंद करून प्रत्यक्ष काम करावयास मिळतात ते रात्रींचे किंवा रविवारचे मोजके तास. त्या वेळीं एखादी किल्ली हातीं नसली तर ती आणावयास जाण्याइतका अवकाश नसतो. म्हणून आधीं सर्व जागच्या जागीं ठेवावें लागतें.

या मार्गाचें वय लहान नाहीं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८५४ मध्यें रूळ कल्याणास आले आणि १८५६ मध्यें आमच्या गांवांवरून घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत पोंचले. मुंबईंत १८७४ पासून ३१ मार्च १९६४ पर्यंत ट्रामगाड्या होत्या. त्यांचे रूळ भर रस्त्यांत बसविलेले असत. ते बदलावयाचे म्हणजे रस्ता खणावा लागे आणि साऱ्या पेठेस तें कळे. आमच्याकडील रूळ कुंपणाआड असल्यामुळें त्यांची डागडुजी कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. एरवीं उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील किती तरी घरांचा चरितार्थ रोज सकाळीं याच रुळांवरून मुंबईस जातो.

हल्लींचा रूळ दर मीटरास साठ किलो वजनाचा असतो. किलोमीटरास सुमारें १६६० स्लीपर लागतात, आणि त्यांच्याखालीं सुमारें फूटभर खडी. ही खडी म्हणजे नुसती भर, अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. पूर्वीं रुळांच्या सांध्यांत फटी ठेवीत. हल्लीं ते जोडून लांबच लांब अखंड करतात. उन्हानें लोखंड वाढतें. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा असून तीस अंशांनीं तापला, तर तो सुमारें ३५ सेंटीमीटर लांबेल. त्यास तसें वाढूं न देतां जागीं आवळून धरणें हें काम स्लीपर व खडी करितात. धरणारे ढिले पडले तर रूळ उन्हाळ्यांत वांकतो. थंडींत तो आंखडूं पाहतो आणि कोठें दोष असला तर त्यास तडा जातो. पावसाळ्यांत खडी वाहून जाण्याचें भय निराळेंच. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरामुळें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली आणि हजारांवर उतारूंची सुटका करावी लागली, हें येथील लोक विसरलेले नाहींत.

इतकें सांगूनही कबूल केलें पाहिजे कीं, गेल्या महिन्यांत आम्हीं स्वतःच रागानें लेखणी उचलली होती. ठाण्यास नात्यांतील एका बटूची मुंज होती. रविवारीं गाड्या बंद. आम्ही पोंचलों तेव्हां मुहूर्त टळून गेला होता. परत येतांना सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही एकदां त्या लोकांना चांगलं लिहाच." आम्हीं रात्रीं शुद्ध व कडक भाषेंत दोन पानें लिहून काढलीं.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं दहाबारा माणसें खडी उकरीत होतीं. शेजारच्या रुळावरून गाड्या चालूच होत्या. कांहीं अंतरावर एक मनुष्य हातांत निशाण व गळ्यांत शिट्टी अडकवून नुसता उभा होता. हाच तेवढा रिकामा दिसला म्हणून आम्हीं कुंपणाअलीकडून विचारलें, "काय हो, केव्हां आटोपणार हें?" तो बोलेना. आम्हीं पुन्हां विचारलें. तेव्हां मान न वळवितां तो म्हणाला, "बाबा, आत्तां बोलूं नका माझ्याशीं. खालीं वांकलीं आहेत माझीं माणसं." लगेच शिट्टी वाजली, माणसें हत्यारांसह बाजूस झालीं आणि गाडी धडधडत निघून गेली. तीस वर्षें आम्ही वर्गांत 'लक्ष द्या, लक्ष द्या' म्हणून ओरडलों. लक्ष देणें म्हणजे काय, तें त्या दिवशीं पाहिलें. आणि तें मोडावयास निघालों होतों तेही आम्हीच.

पंचतंत्रांतील तीन माशांची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. संकटापूर्वींच तजवीज करणारा अनागतविधाता, ऐन वेळीं युक्ति लढविणारा प्रत्युत्पन्नमति आणि होईल तें होईल म्हणून बसणारा यद्भविष्य. मुलांस नेहमीं दुसरा आवडे, कारण तो मेल्याचें सोंग करून निसटतो. पहिल्याच्या वांट्यास तसा प्रसंगच येत नाहीं. तो आधींच निघून गेलेला असतो. रूळ मोडण्यापूर्वीं बदलणाऱ्यांचेंही तसेंच होतें. त्यांचें काम नीट झालें म्हणजे सांगण्यासारखें कांहीं घडतच नाहीं.

घरीं येऊन आम्हीं पत्र फाडलें नाहीं, कारण तक्रार सर्वस्वीं खोटी नव्हती. पहिलें पान मात्र काढून टाकलें. दुसऱ्यांतील एक मागणी ठेविली: गाड्या बंद राहावयाच्या असल्यास ती सूचना निदान चार दिवस आधीं ठळक मराठींत स्टेशनावर लावावी. तिच्याखालीं आणखी एक लिहिली: कामावरील माणसांस पिण्याचें पाणी व क्षणभर बसावयास सावली असावी. सूनबाईंनीं तें वाचलें आणि विचारलें, "म्हणजे चूक आपलीच होती का, मामंजी? आपणच आधीं चौकशी करायला हवी होती?" आम्हीं म्हटलें, "सूचना त्यांनीं द्यावी, चौकशी आपण करावी. दोन्ही झालीं असतीं तर मुंज चुकली नसती."

येत्या रविवारीं पुन्हां गाड्या बंद आहेत. त्या दिवशीं आमच्याकडे सत्यनारायण आहे. ठाण्याच्या मंडळींस शनिवारींच मुक्कामास बोलाविलें असून सूनबाईंनीं पाहुण्यांच्या गाद्या आजच उन्हांत घातल्या आहेत.