पाच मतदारसंघांचे काय?

धर्माच्या नावावर मते मागणारे पक्ष का जिंकतात आणि का हरतात? मते फुटली म्हणून ते जिंकले, मते एकवटली म्हणून हरले, असे उत्तर आपल्या चळवळीत ठरलेले आहे. खानदेशकडे पाहिले तर हे उत्तर अर्धेच आहे, असे आम्हांस वाटते.

१९५७ साली जनसंघाचे देशभरातून अवघे चार खासदार निवडून आले. त्यांतले एक होते धुळ्याचे उत्तमराव पाटील. खानदेशला तेव्हा जनसंघाचा विचार पटला होता काय? मुळीच नाही. ती लाट संयुक्त महाराष्ट्राची होती. त्याच लाटेत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. १९६० ला राज्य मिळाले, लाट ओसरली आणि १९६२ ला धुळे काँग्रेसकडे गेले. लोकांचा प्रश्न हाती होता तोवर जनसंघ जिंकला. नुसता विचार उरला तेव्हा हरला.

जळगावचेही तेच. २०१८ साली महापालिकेच्या ७५ पैकी ५७ जागा भाजपने जिंकल्या. मार्च २०२१ मध्ये त्याच पक्षाचे नगरसेवक फुटले आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. विचाराने बांधलेली फौज अशी विखुरते काय? ती सत्तेभोवती जमलेली गर्दी होती.

आता २०२४ पाहा. लोकसभेला धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपच्या सुभाष भामरे यांना ३,८३१ मतांनी हरविले. आपल्याकडे गुलाल उधळला गेला. पण सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भामरेच पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली म्हणून विजय झाला. संविधान वाचविण्याचे सारे ओझे एका मुसलमान वस्तीच्या खांद्यावर टाकून बाकीचे मोकळे झाले. विरोधकांनी नेमके तेच हेरले. त्या मतदानाला 'व्होट जिहाद' म्हटले गेले. ८ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी धुळ्याच्याच सभेत 'एक हैं तो सेफ हैं' ही घोषणा दिली. जोडीला लाडक्या बहिणीचे महिना १,५०० रुपये होतेच. सहा महिन्यांत त्या पाचही क्षेत्रांत महायुती जिंकली. जळगाव जिल्ह्यात तर अकरापैकी अकरा! भुसावळची राखीव जागासुद्धा २०१४ पासून भाजपकडेच राहिली.

भीतीची घोषणा रिकाम्या जागेतच रुजते. त्या पाच क्षेत्रांत कापसाच्या भावावर, पाण्यावर, शेतमजुराच्या मजुरीवर आपण काय बोललो? कोणाच्या ओट्यावर जाऊन बसलो?

बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. खोतीने कोकणात महार कुळांबरोबर कुणबीही भरडला जात होता. त्या कुणब्याचा प्रश्न बाबासाहेबांनी आपला मानला.

आम्हांला हाच मार्ग दिसतो. आघाड्या जरूर कराव्यात. परंतु आघाडी फक्त मते जोडते, माणसे जोडत नाही. कुणबी, आदिवासी, तेली, माळी यांच्या वस्तीत आपला कार्यकर्ता निवडणूक नसतानाही दिसला पाहिजे. नाहीतर एका वस्तीच्या बळावर मिळविलेला विजय त्याच वस्तीच्या गळ्याचा फास होतो. धुळ्याने हे दाखविले आहे.