पदाची पात्रता कशावरून ठरवावी?



मालवण तालुक्यात वराड नावाचे गाव आहे. त्या गावच्या डॉ. अशोक वराडकर यांचे चिरंजीव लिओ वराडकर १४ जून २०१७ रोजी आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. वर्ध्याच्या आम्हा वकील मंडळींतही तो झाला. परंतु आपण समलिंगी आहोत, हे याच गृहस्थांनी आरोग्यमंत्री असताना, जानेवारी २०१५ मध्ये, नभोवाणीवरून जाहीर केले होते. हे कळताच एका वकीलबंधूंनी मला विचारले, "तिकडचे ठीक आहे, पण असा मनुष्य आपल्या जिल्हा परिषदेस उभा राहिला, तर तुम्ही मत द्याल काय?"

प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळ दिले पाहिजे.

आयर्लंड हा काही पूर्वापार उदार देश नव्हे. पुरुषांमधील समलिंगी संबंध तेथे १९९३ पर्यंत गुन्हा होता. मे २०१५ च्या सार्वमतात मात्र सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहास संमती दिली. वराडकर दोनदा पंतप्रधान झाले व २०२४ साली स्वतःहून पायउतार झाले. घरटंचाईवरून त्यांच्यावर कठोर टीका झाली, आणि ती योग्यच होती. कारण राज्यकर्त्याची परीक्षा कारभारावरूनच व्हावयास पाहिजे.

आमच्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा फास सैल केला. त्या निकालात बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संविधानिक नीतीचा आधार घेतलेला आहे. तरीही सौरभ कृपाल यांची दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी शिफारस झाली, तेव्हा सरकारने त्यांच्या समलिंगी असण्यावर बोट ठेवले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने तो आक्षेप लेखी फेटाळला आणि त्यांची योग्यता व सचोटी नमूद करून पुन्हा शिफारस केली.

याउलट जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक पाहा. समलिंगी व तृतीयपंथी यांचे प्रश्न एकच नव्हेत. तथापि समाजाची नजर दोघांवर सारखीच रोखलेली असते. तेथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला-राखीव जागेवरील अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारावयास लावला आणि गावाने त्यांना निवडून दिले. माझ्या वकीलबंधूंच्या प्रश्नाचे उत्तर असे एका खेड्याने आधीच देऊन ठेवले आहे.

केवळ समलिंगी आहे म्हणून कोणास मत द्या, असे मी म्हणत नाही. केवळ त्याच कारणासाठी नाकारू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. आपणांस शाळेच्या पायरीपासून न्यायासनापर्यंत अडविले गेले, ते आपली लायकी तपासून नव्हे, तर जन्म विचारून. तोच प्रश्न उलटून दुसऱ्यास विचारणे आपणांस शोभणार नाही. उद्या आपल्याच घरातील मुलगा वा मुलगी हे सत्य सांगेल, तेव्हाही हाच न्याय लागू आहे.

देवळीत, आर्वीत, हिंगणघाटात उमेदवार दारी आला, तर त्यास पाण्याविषयी, जमिनीविषयी, मुलांच्या शिष्यवृत्तीविषयी विचारा. पदाची पात्रता त्या उत्तरांत आहे.