गोठ्यात मेलेल्या रेडकाचा हिशेब कोण मांडणार?

वणी : वणी म्हटले की कापूस आणि कोळसा आठवतो. पण इथल्या शेतकऱ्याला अडीनडीला पैसा देते ते गोठ्यातले जनावर. दूध आटलेली म्हैस किंवा मोठा झालेला हेला विकला की बियाण्याची सोय होते. घेणारा बहुतेक वेळा कुरेशी समाजातला व्यापारी असतो.

मार्च २०१५ पासून राज्यात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. उरल्या म्हशी आणि हेले. त्यांनाही दाखला लागतो; जनावर दूध, पैदास किंवा ओढकामाच्या उपयोगाचे असेल तर तो मिळत नाही. तरीही रस्त्यात गाड्या अडवणे, मारहाण थांबली नाही. शेवटी २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने राज्यात अनेक ठिकाणी जनावरांची खरेदीच बंद केली. बाजार ओस पडले आणि झळ शेतकऱ्यालाही बसली.

आकडे पाहा. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातला गोवंश सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आला. म्हशी मात्र ५६ लाखांच्या आसपास टिकून राहिल्या. म्हणजे आता सगळी मदार म्हशीवर आहे.

आणि तिथेच आपण चुकतो. वगार जपली जाते, पण नर रेडकाला दूध पाजणे जिवावर येते. ते खंगून मरते आणि पुढे विकता आला असता असा हेला गोठ्यातच संपतो. उपाय महागडे नाहीत. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. गोलजंत आईच्या दुधातूनही पिलात जातात, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या आतच डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्यावे. पावसाळ्याआधी घटसर्पाची लस टोचावी. खुरकुताची लस सरकारी मोहिमेत फुकट मिळते. सोयाबीन-तुरीचे कुटार जाळू नका, त्याला थोडी सरकी ढेप जोडा.

कानातला बारा अंकी बिल्ला तर हवाच. जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला राज्यात मनाई आहे. बिल्ला, बाजाराची पावती आणि वाहतुकीचे कागद सोबत असले की रस्त्यात आपली बाजू भक्कम होते.

पण कागद पूर्ण असूनही गाडी अडवली जात असेल तर दोष पशुपालकाचा नाही. तिथे प्रशासनाने उभे राहायला हवे. शेतकरी आणि कुरेशी हे एकाच व्यवहाराचे दोन हात आहेत. एक पिरगाळला की दुसराही दुखतो.