चिमूटभर अँथ्राक्विनोन

पाइन, स्प्रूससारखे सूचिपर्णी लाकूड कागदाच्या लगद्यासाठी क्राफ्ट पद्धतीने, म्हणजे गंधकयुक्त अल्कलीत, शिजवले की निम्म्याहून अधिक वस्तुमान अल्कलीत विरघळते. त्यात तंतूंना जोडून ठेवणारे लिग्निन जाते ते हवेच असते; पण ग्लुकोमॅनन ही साखरेच्या रेणूंची साखळीही जाते. तिच्या टोकाकडून एकेक साखर सुटत राहते. कागदात राहू शकणारा हा माल वाया घालवणे मला अक्षम्य वाटते, कारण उपाय हाताशी आहे. १९७७ मध्ये कॅनडातील हॅरी होल्टन यांनी दाखवून दिले, की लाकडाच्या वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आसपास अँथ्राक्विनोन पुरते. ते साखळीचे टोक ऑक्सिडीकरणाने स्थिर करते. त्यात त्याचे स्वतःचे क्षपण होते, ते क्षपित रूप लिग्निनचे बंध तोडते आणि पुन्हा मूळ रूपात येते. म्हणूनच एवढीशी मात्रा चालते.

उतारा एक-दोन टक्क्यांनीच वाढतो, असा आक्षेप घेतला जातो. परंतु विरघळणारे लाकूड घटले की वापरलेला द्राव जाळून रसायने परत मिळवणाऱ्या रिकव्हरी बॉयलरवरचा भारही घटतो, आणि अनेक गिरण्यांचे उत्पादन तिथेच अडते. मग गंधक पूर्ण वगळून सोडा-अँथ्राक्विनोन पद्धत का नको? दुर्गंधी टळेल, हे खरे. मात्र सूचिपर्णी लगद्याची फाटरोधकता क्राफ्टपेक्षा कमी पडते. आरोग्याचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन ‘मानवात कर्करोगास संभाव्य कारण’ अशा २ब गटात ठेवले आहे, तर २०१३ मध्ये जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने अन्नसंपर्कातील कागदासाठीच्या शिफारशीतून ते वगळले. चहाच्या पिशवीच्या कागदात ते नकोच. छपाईच्या कागदाला तोच नियम सरसकट लावण्याआधी मात्र धुतलेल्या लगद्यात किती अंश उरतो, हे गिरण्यांनी मोजून जाहीर करावे.